कारण न सांगता उठवलेला माणूस

अमेरिकेतल्या दिवाणी न्यायालयात ज्युरी निवडताना एक क्षण हमखास येतो. सकाळपासून बाकावर बसून राहिलेल्या एखाद्या माणसाचे न्यायाधीश आभार मानतात आणि त्याला घरी जायला सांगतात. त्याचे काही चुकलेले नसते. तो वादीचा नातलग नसतो, प्रतिवादी कंपनीचे शेअर त्याच्याकडे नसतात, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याने सरळ उत्तर दिलेले असते. दोन वकिलांपैकी एकाला तो नको असतो, एवढेच. का नको, हे वकिलाला सांगावे लागत नाही आणि त्या माणसाला ते कधी कळतही नाही. कायद्याने वकिलाला ही मुभा दिली आहे. तिला मी इथे बिनकारण हरकत म्हणतो. दिवाणी खटल्यांतून ही मुभा काढून टाकावी आणि त्याच वेळी कारण देऊन घेतलेल्या हरकती न्यायाधीशांनी आजच्यापेक्षा खूप मोकळ्या हाताने मान्य कराव्यात, असे माझे ठाम मत आहे. या दोन गोष्टी एकत्रच व्हायला हव्यात. पहिली करून दुसरी सोडली, तर अन्याय कमी होणार नाही, उलट वाढेल.

ज्युरी म्हटले की मराठी वाचकाला १९५९ चा नानावटी खटला आठवतो. मुंबईच्या सत्र न्यायालयात आठ विरुद्ध एक अशा मतांनी ज्युरीने आरोपीला निर्दोष ठरवले, न्यायाधीशांना तो कौल पटला नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. पण तो खून खटला होता. दिवाणी दाव्यात ज्युरी असते, ही कल्पना आपल्याकडे बहुतेकांना अनोळखी आहे. अमेरिकेत मात्र ती संविधानात लिहिलेली आहे. १७९१ मध्ये मंजूर झालेली सातवी घटनादुरुस्ती सांगते की वीस डॉलरपेक्षा जास्त रकमेच्या दाव्यात ज्युरीसमोर सुनावणी मागण्याचा हक्क अबाधित राहील. तो वीस डॉलरचा आकडा आजही तसाच आहे. ही दुरुस्ती फक्त संघराज्याच्या न्यायालयांना लागू होते, पण बहुतेक राज्यांच्या संविधानांतही असाच हक्क दिलेला आहे.

म्हणजे कारखान्यात हात गमावलेला कामगार, चुकीच्या शस्त्रक्रियेने अपंग झालेली बाई, वंशामुळे नोकरीवरून काढलेला कारकून, पोलिसांची मारहाण सोसलेला तरुण, अशा लोकांना नुकसानभरपाई मिळेल की नाही आणि मिळाली तर किती, हे ठरवणारी माणसे सामान्य नागरिकांतून येतात. ही व्यवस्था मला मोलाची वाटते. दरमहा पगार घेणारा एकटा न्यायाधीश आणि रस्त्यावरचा माणूस यांची दुःखाची किंमत सारखी नसते. म्हणूनच त्या खुर्च्यांत कोण बसते आणि कोणाला तिथून उठवले जाते, याला इतके महत्त्व आहे.

आधी नावे गोळा होतात. मतदारयादी आणि अनेक ठिकाणी वाहन परवान्यांची यादी यांतून सोडतीने नावे निघतात. संघराज्याच्या न्यायालयात अट अशी की माणूस अठरा वर्षांचा नागरिक असावा, त्या भागात वर्षभर राहिलेला असावा, त्याला कामापुरते इंग्रजी यावे आणि त्याच्यावर गंभीर गुन्ह्याचा ठपका नसावा. समन्स पोचले की लोक येतात आणि मग त्यांना प्रश्न विचारले जातात. संघराज्याच्या न्यायालयांत बहुधा न्यायाधीशच विचारतात. अनेक राज्यांत वकील विचारतात. न्यूयॉर्कच्या दिवाणी खटल्यांत तर हे काम बहुतेक वेळा वेगळ्या खोलीत वकिलांच्या हातूनच उरकते आणि न्यायाधीश तिथे बसलेलेही नसतात. प्रश्नोत्तरे संपली की हरकती सुरू होतात. कारण देऊन घेतलेल्या हरकतींना मर्यादा नाही. नाते, पैशाचा संबंध, आधीच ठरलेले मत, असे काही दाखवले आणि न्यायाधीशांना पटले की माणूस बाजूला होतो. बिनकारण हरकतींची संख्या मात्र ठरलेली असते. संघराज्याच्या दिवाणी खटल्यात प्रत्येक पक्षाला तीन मिळतात. कॅलिफोर्नियात दोनच पक्ष असतील तर प्रत्येकी सहा, टेक्सासच्या जिल्हा न्यायालयातही सहा. टेक्सासची पद्धत तर अगदी निःशब्द आहे. दोन्ही वकिलांच्या हातात नावांची यादी असते, ते आपापल्या यादीवर पेनाने नावे खोडतात आणि लिपिकाकडे देतात. दोन्ही याद्या समोर ठेवून न खोडलेली पहिली बारा नावे पुकारली जातात. ज्याचे नाव खोडले गेले, त्याच्यावर रेघ कोणी ओढली हेदेखील त्याला समजत नाही.

तीन हा आकडा लहान वाटतो, पण तो नुसता पाहून चालत नाही. संघराज्याच्या दिवाणी खटल्यात ज्युरी सहा जणांचीही चालते. सहा जणांची ज्युरी संविधानाला धरून आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये कोलग्रोव्ह विरुद्ध बॅटिन खटल्यात सांगितले. म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून सहा बिनकारण हरकती आणि ज्युरीत माणसेही सहाच. जितक्यांनी निवाडा द्यायचा, तितक्यांनाच कारण न सांगता घरी पाठवता येते. पुकारलेल्यांत कृष्णवर्णीय दोन असतील किंवा आशियाई वंशाचा एकच असेल, तर एका-दोन रेघांत तो समाज त्या खोलीतून संपतो.

ही मुभा आली कुठून, तेही पाहायला हवे. जुन्या इंग्रजी कायद्यात ती देहान्ताची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यातल्या आरोपीला दिलेली दया होती. ज्याचा जीव टांगणीला लागला आहे, त्याला समोरच्या एखाद्याचा चेहरा पाहूनच धसका बसला, तर त्या माणसाकडून त्याचा न्याय होऊ नये, असे इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनने अठराव्या शतकात लिहून ठेवले आहे. दिवाणी दाव्यात इंग्रजी रूढ कायदा ही मुभा देत नव्हता. ती पुढे अमेरिकेत कायदे करून दिली गेली. म्हणजे फाशीच्या दोरासाठी केलेली सोय सिमेंटच्या कंपनीच्या हाती आली. कंपनीच्या जिवाला कसला धोका असतो? तिच्या ताळेबंदाला धोका असतो. त्यासाठी एका नागरिकाला कारण न सांगता सार्वजनिक कामावरून काढून लावण्याचा हक्क द्यायचा, याचे समर्थन मला कुठेच सापडत नाही.

सिमेंटची कंपनी मी उगीच म्हटली नाही. लुइझियानातल्या फोर्ट पोक या लष्करी तळावर बांधकाम चालू होते. तिथे एका काँक्रीट कंपनीचा ट्रक मागे घरंगळला आणि एडमन्सन नावाचा कृष्णवर्णीय कामगार यंत्रसामग्रीला चेंगरला. कंपनीच्या चालकाचा निष्काळजीपणा झाला, असा त्याचा दावा होता. ज्युरी निवडताना कंपनीने आपल्या तीन बिनकारण हरकतींपैकी दोन कृष्णवर्णीय व्यक्तींना उठवण्यासाठी वापरल्या. एडमन्सनच्या वकिलाने कारण सांगायला लावा अशी मागणी केली. फौजदारी खटल्यांत अशी मागणी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बॅटसन खटल्यात ठरवून दिले होते. हा दिवाणी दावा आहे, इथे तो नियम लागू नाही, असे सांगून न्यायाधीशांनी मागणी फेटाळली. अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय अशी ज्युरी बसली. तिने नुकसान ठरवले ९०,००० डॉलर, पण ८० टक्के चूक एडमन्सनची स्वतःचीच, असे म्हणून त्याच्या हातात १८,००० डॉलर ठेवले.

वेगळ्या ज्युरीने वेगळा हिशेब केला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. पण ८० टक्के चूक कोणाची, हा आकडा कुठल्या तक्त्यातून निघत नाही. मागे ट्रक उभा असताना खाली काम करणारा माणूस किती सावध असायला हवा, हे ठरवताना ज्युरीतला प्रत्येक जण आपल्या आयुष्यातून मापे आणतो. ज्याने स्वतः साइटवर काम केले आहे, त्याचे माप वेगळे आणि ज्याने साइट फक्त गाडीच्या काचेतून पाहिली आहे, त्याचे वेगळे. दिवाणी ज्युरीचा सगळा अर्थच या मापांच्या बेरजेत आहे.

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी एडमन्सनच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती केनेडी यांचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. वकील खासगी असेल, पक्षकार खासगी असेल, पण समन्स सरकार पाठवते, इमारत सरकारची, यादी सरकारची आणि तुम्ही जाऊ शकता असे सांगणारे न्यायाधीशही सरकारचे. मग त्या जागी वंश पाहून माणूस उठवला गेला, तर तो सरकारच्या बळावर उठवला गेला. न्यायमूर्ती ओकॉनर यांनी असहमती नोंदवली. त्यांचे म्हणणे असे की न्यायालयात घडणारी प्रत्येक गोष्ट सरकारची नसते, हरकत ही पक्षकाराची खासगी निवड आहे. न्यायमूर्ती स्कालिया यांचा आक्षेप वेगळा होता आणि तो जास्त टोचणारा आहे. त्याकडे मी पुढे येतो.

तेव्हापासून दिवाणी खटल्यातही वंशाच्या कारणावरून हरकत घेता येत नाही. १९९४ मध्ये त्यात लिंगाची भर पडली आणि तो खटलाही दिवाणीच होता. अलाबामा राज्याने एका आईच्या वतीने मुलाचे पितृत्व आणि पोटगी यांसाठी एका पुरुषावर दावा लावला होता. पुकारलेल्या ३६ जणांत १२ पुरुष आणि २४ बायका होत्या. काही जण सकारण हरकतीने गेल्यावर १० पुरुष राहिले. राज्याने आपल्या दहा बिनकारण हरकतींपैकी नऊ पुरुषांवर खर्च केल्या. आणि समोरच्या पुरुषाच्या वकिलाने? त्याने एक वगळता सगळ्या हरकती बायकांवर खर्च केल्या. शेवटी ज्युरीत एकही पुरुष उरला नाही. आई असेल तर आईची बाजू घेईल, बाप असेल तर बापाची, हे दोघांनीही गृहीत धरले होते. समोर बसलेल्या तेहेतीस माणसांना कोणी माणूस म्हणून विचारात घेतलेच नाही. या प्रकरणात एक बाजू दुष्ट आणि दुसरी बळी असे दाखवता येत नाही. हत्यार हातात दिले की दोघेही ते चालवतात.

मग नियम झाला, प्रश्न सुटला, असे वाटेल. घोडे पेंड खाते ते इथेच. बॅटसनच्या नियमानुसार संशय आला तर हरकत घेणाऱ्याने वंशाशी संबंध नसलेले कारण सांगायचे आणि ते खरे की बनावट हे न्यायाधीशांनी ठरवायचे. १९९५ मध्ये पर्केट विरुद्ध एलेम या फौजदारी प्रकरणात एका सरकारी वकिलाने कृष्णवर्णीय ज्युररला उठवण्याचे कारण दिले की त्याचे केस लांब आणि कुरळे होते आणि त्याला मिशी व दाढी होती. या टप्प्यावर कारण पटण्याजोगे असण्याची गरज नाही, वंशाशी संबंध नसला की पुरे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. खरेखोटे नंतर पाहता येते, असेही म्हटले, पण वकिलांनी घ्यायचा तो धडा घेतला. माझ्याकडे पाहिले नाही, फार पाहिले, हाताची घडी घातली होती, उत्तर द्यायला उशीर लावला, अशी कारणे हवी तेवढी तयार करता येतात. समोरचा वकील खोटे बोलतो आहे, असे भर न्यायालयात जाहीर केल्याशिवाय न्यायाधीशांना त्याची हरकत फेटाळता येत नाही. ज्या वकिलाशी वर्षानुवर्षे रोज काम करायचे आहे, त्याला असे म्हणायला किती न्यायाधीश धजावतील? म्हणूनच न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी बॅटसनच्याच निकालात लिहून ठेवले की हा भेदभाव संपवायचा तर बिनकारण हरकतच संपवावी लागेल. १९८६ पर्यंत वकिली आणि न्यायदानातले एक आयुष्य त्यांनी वंशभेदाशी लढण्यात घालवले होते. त्यांचा शब्द मी अनुभवाचा शब्द म्हणून वाचतो. २००५ मध्ये न्यायमूर्ती ब्रायर यांनीही या मुभेचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे, असे म्हटले.

वंश आणि लिंग यांवर निदान नियम तरी आहे. पोट कशावर चालते, यावर तोही नाही. आणि दिवाणी खटल्यात खरी कात्री तिथेच चालते. १९४६ चा थील विरुद्ध सदर्न पॅसिफिक हा निकाल मला या बाबतीत फार बोलका वाटतो. चालत्या गाडीच्या खिडकीतून उडी टाकलेल्या एका प्रवाशाने रेल्वे कंपनीवर दावा केला होता. आपली मनःस्थिती ठिकाणावर नाही हे कंपनीच्या माणसांना दिसत असताना त्यांनी काळजी घेतली नाही, असे त्याचे म्हणणे होते. खटला सॅन फ्रान्सिस्कोतला. तिथले लिपिक आणि ज्युरी आयुक्त रोजंदारीवर काम करणाऱ्यांची नावे यादीत घेतच नसत. हेतू वाईट नव्हता. ज्युरीचा भत्ता दिवसाला चार डॉलर, त्यात मजुराची मजुरी बुडते, तो येऊन सुटकाच मागणार, मग बोलवायचे कशाला, असा त्यांचा विचार. न्यायमूर्ती मर्फी यांच्या निकालाने हे मोडून काढले. ज्युरीत बसण्याची पात्रता माणसाची असते, वर्गाची नसते आणि कनवाळूपणाने का होईना, एका अख्ख्या वर्गाला बाहेर ठेवले तर ज्युरी हे वरच्या थरातल्यांचे साधन होते, हे त्यांनी स्पष्ट केले.

आता हे दोन नियम शेजारी ठेवून पाहा. यादी करणाऱ्या लिपिकाने रोजंदारीवाल्याला वगळले, तर निवाडा रद्द होतो. तोच रोजंदारीवाला यादीतून, सोडतीतून, समन्समधून वाट काढत, एका दिवसाची मजुरी बुडवून न्यायालयात पोचला आणि कंपनीच्या वकिलाने त्याला रोजंदारीवाला आहे म्हणूनच उठवले, तर कोणी ब्रही काढत नाही. संघराज्याचा भत्ता आज दिवसाला पन्नास डॉलर आहे. तेवढ्यावर घर चालवून आलेला माणूस आणि वरून ही वागणूक. वादीचे वकीलही यात मागे नसतात. तो दुकानदार आहे, व्यवस्थापक आहे, म्हणजे मालकाच्या बाजूने जाणार, असे समजून ते रेघ ओढतात.

या रेघा आता अंदाजाने ओढल्या जात नाहीत. १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गमध्ये युद्धविरोधी कार्यकर्त्यांवर खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने काही समाजशास्त्रज्ञांनी गावात पाहणी करून कोणत्या प्रकारचे लोक आरोपींना अनुकूल असतील याचा अभ्यास केला. बलाढ्य सरकारसमोर उभ्या राहिलेल्या मूठभर माणसांसाठी केलेले ते काम होते. आज तो एक धंदा आहे आणि त्याची फी परवडते ती मुख्यतः मोठ्या कंपन्यांना. खोटी ज्युरी बसवून रंगीत तालीम करणे, परिसराची पाहणी करणे, ज्युररांच्या समाजमाध्यमांवरच्या नोंदी चाळणे, हे सगळे होते. सर्वांना खुल्या असलेल्या नोंदी पाहायला हरकत नाही, फक्त ज्युररला मैत्रीची विनंती पाठवू नका, असे अमेरिकन बार असोसिएशनने २०१४ मध्ये वकिलांना सांगितले. म्हणजे एका बाजूला यंत्रणा आणि दुसऱ्या बाजूला जिंकलो तरच फी घेईन म्हणून उभा राहिलेला एकटा वकील. हरकती दोघांना प्रत्येकी तीनच, पण त्या तिनांची धार सारखी नसते.

हे सगळे अमेरिकेचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणता येणार नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये नागरिकत्व घेतलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांच्या घरी ज्युरीचे समन्स येते. डॉक्टर किंवा नर्स असेल, तर रुग्णालयाविरुद्धच्या दाव्यात वादीचा वकील त्यांना ठेवायला कचरतो. उच्चार वेगळा असेल तर दोघेही. वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये जो नियम केला, त्यात हे नेमके पकडले आहे. वंश हे एक कारण असू शकेल असे त्रयस्थ माणसाला वाटले, तरी हरकत फेटाळायची, वकिलाचा हेतू सिद्ध करायची गरज नाही. शिवाय नेहमी पुढे केल्या जाणाऱ्या सबबींची यादीच दिली आहे. पोलिसांवर विश्वास नसणे, गुन्हेगारी जास्त असलेल्या वस्तीत राहणे, सरकारी मदत घेणे, इंग्रजी मातृभाषा नसणे, ही कारणे संशयास्पद मानायची. ज्याचे इंग्रजी साक्षीपुराव्याला पुरेसे आहे, त्याला त्याच्या उच्चारामुळे उठवणे म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपवणे, हे तिथल्या न्यायालयाने ओळखले. कॅलिफोर्नियाने तशाच धर्तीचा कायदा २०२० मध्ये केला. तो फौजदारी खटल्यांना २०२२ पासून लागू झाला आणि दिवाणीला १ जानेवारी २०२६ पासून. दिवाणीतल्या माणसाने चार वर्षे थांबावे, असे त्यांना का वाटले, हे मला समजत नाही.

आता स्कालिया यांचा आक्षेप. ते म्हणाले, या नियमाने अल्पसंख्य पक्षकाराचेच नुकसान होईल. आजवर तो आपल्या हरकती वापरून विरुद्ध वंशाची माणसे कमी करू शकत होता, आता तेही गेले. बिनकारण हरकत संपूर्ण काढा म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला तर हा प्रश्न दुप्पट जोराने विचारायला हवा. दुबळ्याच्या हातातली ढाल काढून घ्यायची का?

दिवाणी ज्युरीसमोर उभा राहिलेला, मराठी माणसाच्या मनाशी सर्वांत जवळचा पक्षकार घेऊन मी याचे उत्तर देतो. लोकमान्य टिळकांनी सर व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर बदनामीचा दिवाणी दावा लावला आणि तो १९१९ मध्ये लंडनमध्ये न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यासमोर चालला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. निवाडा द्यायला विशेष ज्युरी होती. विशेष ज्युरी म्हणजे मोठ्या घराचा करदाता, सावकार, व्यापारी अशा ऐपतदार पुरुषांच्या यादीतून निवडलेली. इंग्लंडने ती १९४९ मध्ये जवळजवळ मोडीत काढली. टिळक हरले आणि खर्चाचा डोंगर डोक्यावर आला. त्याआधी १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात मुंबईच्या उच्च न्यायालयातही विशेष ज्युरीच होती. सात युरोपीय आणि दोन पारशी. केसरीतले लेख मराठीत, ज्युरी ते भाषांतरातून समजून घेणारी आणि कौल सात विरुद्ध दोन.

समजा, लंडनमध्ये टिळकांना तीन किंवा अगदी सहा बिनकारण हरकती मिळाल्या असत्या. सहा ऐपतदार इंग्रज उठले असते आणि त्याच यादीतले पुढचे सहा ऐपतदार इंग्रज त्यांच्या जागी बसले असते. हरकतीने माणूस बदलतो, यादी बदलत नाही. बहुसंख्याकांच्या यादीत अल्पसंख्य पक्षकाराची हरकत समुद्रातून ओंजळभर पाणी काढते आणि बहुसंख्य पक्षकाराची हरकत मात्र एका फटक्यात तिथला एकुलता एक वेगळा माणूस काढते. हिशेब मुळातच एकतर्फी आहे. टिळकांना उपयोग झाला असता तो प्रश्न विचारण्याच्या हक्काचा. तुमचे पैसे हिंदुस्थानातल्या व्यापारात गुंतले आहेत का, तुमचा मुलगा तिथे सनदी नोकरीत आहे का, हिंदुस्थानातल्या माणसाने इंग्रज लेखकावर दावा लावावा याबद्दल तुम्हाला काय वाटते, हे विचारायचे आणि उत्तर आले की त्याच्या आधारावर, कारण देऊन, संख्येची मर्यादा न ठेवता हरकत घ्यायची. दुबळ्याची ढाल ही आहे.

आणि आज ती ढालच पातळ झाली आहे. समजा, एका रुग्णालयावर दावा आहे आणि ज्युरर म्हणतो, माझी बहीण नर्स आहे, लोक उगाच डॉक्टरांना कोर्टात खेचतात असे मला वाटते. वकील सकारण हरकत घेतो. न्यायाधीश विचारतात, पण ते मत बाजूला ठेवून, मी सांगीन तो कायदा पाळून तुम्ही निवाडा देऊ शकाल ना? भरल्या न्यायालयात, काळ्या झग्यातल्या माणसाने विचारल्यावर नाही कोण म्हणेल? तो म्हणतो, हो, देईन. हरकत फेटाळली जाते आणि तो बसून राहतो. अशा वेळी वकील आपल्या तीनपैकी एक बिनकारण हरकत त्याच्यावर खर्च करतो. वकिलांना ही मुभा का सोडवत नाही, याचे प्रामाणिक कारण हेच आहे आणि ते मी मान्य करतो. न्यायाधीशांच्या कंजुषीची भरपाई ते तिने करतात. म्हणूनच ही मुभा काढायची तर ती कंजुषी आधी थांबली पाहिजे.

ॲरिझोनाने हे करून दाखवले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये आदेश काढला आणि १ जानेवारी २०२२ पासून दिवाणी आणि फौजदारी दोन्ही खटल्यांतून बिनकारण हरकत रद्द झाली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. इंग्लंडने फौजदारी खटल्यांत तेच १९८८ च्या कायद्याने केले आणि तिथली ज्युरी मोडून पडली नाही. ॲरिझोनाच्या बदलातला मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग. वकिलांना जास्त सविस्तर प्रश्न विचारू द्यावेत, खटल्याला धरून लेखी प्रश्नावली द्यावी आणि न्यायाधीशांनी तोंडात उत्तर घालणारे प्रश्न विचारून पूर्वग्रह असलेल्या माणसाला शुद्ध करून घेऊ नये, असा रोख नव्या नियमांत आहे.

एका जागी मात्र मी इतका ठाम नाही आणि ती जागा आपल्या मुंबईत आहे. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, १९३६ नुसार पारशी दांपत्याचा दावा न्यायाधीशांसोबत समाजातले प्रतिनिधी ऐकतात आणि वस्तुस्थितीचा निर्णय त्या प्रतिनिधींच्या बहुमताने होतो. पूर्वी ते सात असत, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच. भारतात उरलेली ही दिवाणी ज्युरीच म्हणायची. त्यातही पक्षकाराला कारण न देता काही प्रतिनिधी नाकारण्याची सोय आहे. समाज लहान, सगळे सगळ्यांना ओळखणारे, दावा संसाराचा. अमुक प्रतिनिधी नको, याचे कारण उघड सांगायचे तर तिसऱ्याच घरातली भांडणे चव्हाट्यावर येतील. शिवाय तिथे सगळे एकाच समाजातले असल्याने वंशाची रेघ ओढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे ही सोय राहिली तर माझी तक्रार नाही. लाखो अनोळखी माणसांतून सोडतीने ज्युरी बोलावणाऱ्या देशाला मात्र ही सबब लागू होत नाही.

राहतो तो अनुभवी वकिलाचा युक्तिवाद की काही माणसे चुकीची आहेत हे जाणवते, पण सिद्ध करता येत नाही. असे जाणवत असेल, हे मी नाकारत नाही. पण ते कशामुळे जाणवते, याचा शोध घेण्याची सक्ती आज त्याच्यावर नाही. ती व्हावी. एक प्रश्न आणखी विचारावा लागेल, निवडीला अर्धा दिवस जास्त लागेल. त्यानंतरही हाती काहीच लागले नाही, तर त्या जाणिवेत बहुतेक वेळा समोरच्याचा रंग, कपडे, वस्ती किंवा बोलण्याची ढब यापलीकडे काही नसते, असे मानायला बॅटसनपासूनच्या निकालांनी पुरेसा आधार दिला आहे.

संघराज्याच्या न्यायालयांपुरते पाहिले तर हे काम एका कलमाचे आहे. अमेरिकेच्या कायदेसंहितेच्या २८ व्या शीर्षकातले कलम १८७० प्रत्येक पक्षाला त्या तीन हरकती देते आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ते बदलू शकते. बदलताना त्यात दोन गोष्टी घालाव्यात. सकारण हरकतीसाठी पूर्वग्रह पुरता सिद्ध झाला पाहिजे अशी अट न ठेवता, तो असल्याची वाजवी शंका पुरेशी मानावी. आणि सकारण हरकत मान्य करताना किंवा फेटाळताना न्यायाधीशांनी आपले कारण दोन ओळींत का होईना लिहून ठेवावे, म्हणजे ते टिकते की नाही, हे अपिलात तपासता येईल.